एकशे सतरा नंबरचं खरं वजन

मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला लोक सहसा दोन कारणांसाठी बिचकून असतात. एक म्हणजे हा माणूस आपल्या मनातलं ओळखेल, आणि दुसरं म्हणजे ओळखलेलं तासभर समजावून सांगेल. या गोष्टीतल्या प्राध्यापकांच्या बाबतीत पहिली भीती निराधार होती.

गेली वीस वर्षं त्यांनी स्वतःला एकाच कामाला वाहून घेतलं होतं. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचं मानसिक आरोग्य, एवढाच त्यांचा प्रांत. सतरा वर्षांच्या मुलाकडे ते ढुंकून पाहत नसत, आणि सव्विसावा वाढदिवस झालेला माणूस कितीही रडकुंडीला आला तरी तो त्यांच्या हद्दीबाहेर गेलेला असे. विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली होती. दारावर ‘या, बोलू या’ अशी पाटी होती आणि दार बहुतेक वेळा आतून लावलेलं असे, कारण तरुण मुलं मोकळेपणानं का बोलत नाहीत यावर ते आत लिहीत बसलेले असत. त्या कामाला शांतता लागते.

यंदा त्यांनी बेचाळीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली होती. मोबाइलवर उघडायची, वय भरायचं आणि एकेका वाक्यापुढे एक ते पाच यांतला आकडा निवडायचा. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. शेवटी एक रिकामा चौकोन: ‘मनात आणखी काही असल्यास लिहा.’ चारशे बारा जणांनी ती भरली होती. बहुतेकांनी चौकोन रिकामा सोडला होता, काहींनी ‘प्रश्न फार आहेत’ असं लिहिलं होतं, आणि एकानं आपली जुनी सायकल विकायला काढल्याचं कळवलं होतं.

उत्तरं निनावी होती. त्यांचे क्रमांकसुद्धा पत्ते पिसल्यासारखे पिसून दिलेले होते. ‘कोणतं उत्तर कोणाचं हे ओळखण्याचा प्रयत्न संशोधक करणार नाही,’ असा विभागाचा नियमच होता. नियम प्राध्यापकांनी लिहिला होता, आणि तो मोडणाऱ्याची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते.

मंगळवारी सकाळी त्यांची संशोधन सहायिका उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून आत आली. मुलगी हुशार होती आणि सरांना उलट प्रश्न विचारायचं तिनं अजून सोडलं नव्हतं.

“सर, एकशे सतरा बघा.”

“काय म्हणतोय?”

“एकटेपणाच्या सगळ्या प्रश्नांना पाच. एकूण एक.”

प्राध्यापकांनी चष्मा लावला. ‘घरात माझ्या वतीनं दुसरेच निर्णय घेतात’: पाच. ‘माझ्याशी लहान मुलासारखं बोललं जातं’: पाच. ‘माझ्या बाहेर जाण्यावर बंधनं आहेत’: पाच. ‘आपलं शरीर आपल्या मनासारखं नाही असं वाटतं’: पाच. ‘पुढे काय, हा विचार रोज मनात येतो’: पाच. झोपेच्या रकान्यात ‘पहाटे चारला जाग येते’. गेल्या वर्षभरात किती जवळचे मित्र दुरावले, तर चार. वय एकवीस.

“आणि ही गंमत बघा,” सहायिका म्हणाली. “परीक्षेचा ताण, एक. नोकरीची काळजी, एक. लग्नाचं दडपण, एक. एवढा दुःखी माणूस, आणि या तिन्ही बाबतींत एकदम निवांत.”

“यात गंमत नाही,” प्राध्यापक आवाज खाली आणून म्हणाले. “एकविसाव्या वर्षी ज्याला परीक्षा, नोकरी आणि लग्न यांतल्या एकाचीही काळजी नाही, त्यानं आशाच सोडलेली असते.”

“किंवा त्याचं हे सगळं उरकून झालेलं असेल.”

“एकविसाव्या वर्षी?”

सहायिकेनं माघार घेतली.

“चाचणीच्या नोंदी काढल्यास ना सगळ्या?”

“काढल्या सर. फॉर्म तपासायला दिलेल्यांना शेवटच्या चौकोनात ‘चाचणी’ असं लिहायला सांगितलं होतं. तशा अकरा होत्या. याच्या चौकोनात मात्र वेगळंच आहे.”

प्राध्यापकांनी चौकोन वाचला. ‘आमच्या फ्रिजवर संवादाचा तक्ता चिकटवला आहे. रोज पंधरा मिनिटं घरच्यांशी बोलावं आणि बोलल्यावर बरोबरची खूण करावी, अशी पद्धत आहे. खुणा नियमित आहेत. बाकी कळवण्यासारखं काही नाही.’

“किती कोरडी भाषा आहे ना सर?” सहायिका म्हणाली. “सरकारी पत्रासारखी.”

“भावना गोठल्या की भाषा अशी होते,” प्राध्यापक म्हणाले, पण ते त्यांच्या जिभेनं सवयीनं म्हटलं. ते स्वतः टेबलाचा कोपरा धरून बसले होते. कारण संवादाचा तक्ता ही त्यांची स्वतःची कल्पना होती. ती अजून कुठे छापून आली नव्हती, व्याख्यानात सांगितली नव्हती. तसा तक्ता जगात एकाच फ्रिजवर होता, आणि त्या फ्रिजमधलं थंड पाणी पिणारं एकवीस वर्षांचं माणूसही जगात एकच होतं. त्यांची मुलगी.

*

प्राध्यापकांच्या घरी चौघं राहत. बायको दातांची डॉक्टर होती आणि तिचा दवाखाना घराच्या खालीच होता. दिवसभर ती ज्यांच्याशी बोले त्यांची तोंडं उघडी असत, पण त्यांना उत्तर देता येत नसे. त्यामुळे प्रश्न विचारून उत्तरासाठी न थांबण्याची सवय तिच्या अंगवळणी पडली होती. मुलगी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला होती. तिला घरात चिंगी म्हणत आणि तिनं त्याविरुद्ध दोनदा लेखी तक्रार केली होती. मागच्या खोलीत प्राध्यापकांचे वडील राहत. ते नाना. वय त्र्याऐंशी. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, पेटीतली शिक्क्याची वजनं काढायची, दुकानदाराच्या तराजूत ठेवायची आणि काटा खरा की खोटा ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ती पेटी खात्यात जमा झाली, पण नजर त्यांच्याजवळच राहिली होती.

त्या संध्याकाळी प्राध्यापक घरी आले ते बुटांसकट थेट चिंगीच्या खोलीच्या दाराशी. सरळ विचारण्याची सोय नव्हती. ‘ते उत्तर तुझं का?’ एवढं विचारलं असतं तर स्वतःच लिहिलेला नियम मोडून स्वतःच्याच समितीपुढे उभं राहावं लागलं असतं. म्हणून त्यांनी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. समोरचा बोलेल ते लक्ष देऊन ऐकायचं आणि त्याचे शेवटचे शब्द हळुवारपणे त्यालाच परत द्यायचे. मग तो आपोआप खुलतो, असं ते दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवत.

चिंगी जमिनीवर मांडी घालून पुठ्ठ्याचं घर चिकटवत होती. शनिवारी दुपारी तिला एका वाचनालयाचा नमुना सादर करायचा होता.

“काय करतेस बाळा?”

“छप्पर बसवतेय. बसत नाहीये.”

“बसत नाहीये,” प्राध्यापक हळुवारपणे म्हणाले.

“हो. भिंत एका बाजूनं कमी पडतेय.”

“भिंत कमी पडतेय.”

चिंगीनं डिंकाचा हात वर केला. “बाबा, तू माझंच वाक्य मला का परत देतोयस?”

“तुला वाटतंय की मी तुझं वाक्य परत देतोय.”

“आई,” चिंगीनं जिन्याच्या दिशेनं हाक मारली, “बाबाला बरं नाहीये.”

दारातून बाहेर पडताना त्यांना नाना आडवे आले. हातात घडी घातलेला कागद होता. “छोट्या, जरा वेळ आहे का? एक बोलायचं होतं.”

चोपन्न वर्षांच्या, दोन पुस्तकं लिहिलेल्या माणसाला घरात छोट्या म्हणत, याची त्याला सवय होती. “नाना, आत्ता नको. घरात एका माणसाचं जरा नाजूक चाललंय. तुम्ही औषध घेतलंत ना? शहाणे आहात.” त्यांनी नानांच्या खांद्यावर थोपटलं आणि ते फ्रिजपाशी जाऊन त्या दिवसाच्या रकान्यात खूण करून आले. पंधरा नाही तरी दोन मिनिटं बोलणं झालं होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी चिंगीवर पाळत ठेवली. पाळत हा शब्द त्यांना मान्य झाला नसता; ते त्याला निरीक्षण म्हणत. निरीक्षणातून जे दिसलं ते एकशे सतरा नंबरशी कुठेच जुळत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांची खात्री वाढत चालली.

“ती पहाटे चारला उठत नाही,” बुधवारी सकाळी ते चहा पिता पिता बायकोला म्हणाले. “दहापर्यंत झोपते.”

“मग चांगलं आहे की.”

“चांगलं नाही. झोपेच्या आड लपतेय.”

“आणि कालच्या रात्री तीनदा बटाट्याची भाजी वाढून घेतली तिनं.”

“बघ. दुःख खातेय.”

“फोनवर तासभर खिदळत होती.”

“तेच तर,” प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. “मुखवटा आहे तो. आतून जितकं रिकामं तितकं हसू मोठं.”

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे ती रडली असती तर?”

“तर उघडच होतं.”

“आणि नुसती गप्प बसली असती तर?”

“तर फारच गंभीर.”

“तुझ्या शास्त्रात बरा माणूस ओळखतात कसा?” असं विचारून ती उत्तराची वाट न पाहता दवाखान्यात उतरली. खाली कोणीतरी तोंड उघडून बसलेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात नाना उभे होते. कागद हातात होताच. प्राध्यापकांनी त्यांना केळं सोलून दिलं आणि ते विद्यापीठात गेले.

गुरुवारी त्यांनी जे केलं ते मात्र त्यांच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत कोणत्याही पुस्तकात बसलं नसतं. चिंगी अंघोळीला गेलेली पाहून ते तिच्या खोलीत शिरले आणि टेबलावरचा पुठ्ठा कापायचा कटर, कंपासचं टोक, दोन पाती आणि एक टाचणीची डबी असं सगळं रुमालात बांधून घेऊन आले. त्याऐवजी तिथे त्यांनी बालवाडीतली, गोल टोकांची, हिरव्या प्लॅस्टिकची कात्री ठेवली. निघताना रुमालाची गाठ त्यांनी दोनदा आवळून पाहिली. माणूस हसण्यासारखं काही करतो तेव्हा त्याला बऱ्याचदा खरोखरच भीती वाटत असते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

दहा मिनिटांत चिंगी ओल्या केसांनी बाहेर आली. तिच्या हातात हिरवी कात्री होती.

“माझा कटर कोणी घेतला?”

प्राध्यापकांनी खिशावर हात ठेवला.

“शनिवारी सबमिशन आहे. या कात्रीनं मी वाचनालय कापू? हिनं लोणीही कापलं जाणार नाही.”

“घाई कसली,” प्राध्यापक म्हणाले. “आयुष्यात सबमिशनच सगळं नसतं. तुला वाटलं तर एक वर्ष थांब. दोन थांब.”

चिंगी खुर्चीत बसली. गेली चार वर्षं हाच माणूस तिला वेळेवर उठायला सांगत होता. तिनं आजोबांकडे पाहिलं. नानांनी वर्तमानपत्र खाली केलं, मुलाच्या फुगलेल्या खिशाकडे एकदा पाहिलं, रुमालाच्या गाठीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “अडीचशे ग्रॅम असेल. खिसा फाटेल छोट्या.”

*

शनिवारी सकाळी अकराला विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात पालकांसाठी प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. विषय, ‘तुमचं मूल तुमच्याशी बोलतं का?’ मोठ्या व्याख्यानाची तालीम आदल्या दिवशी घरी घ्यायची त्यांची पद्धत होती. दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या जात, ते पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहत, आणि शेवटी बायकोला आणि मुलीला अभिप्रायाचा कागद भरून द्यावा लागे. त्यातही एक ते पाच असे. नानांना या श्रोत्यांत धरलेलं नसे, कारण विषय त्यांच्या वयाला धरून नसे. ते मागे गॅलरीच्या दाराशी, आपल्या खुर्चीत, पेपर घेऊन बसत.

या खेपेला तालमीचा खरा हेतू वेगळा होता. व्याख्यानाच्या मध्यावर प्राध्यापकांनी एकशे सतरा नंबर ठेवला होता. नाव नाही, गाव नाही, नियमात चोख बसणारं. चिंगी ते ऐकेल, तिचा बांध फुटेल, आणि आपण तिला जवळ घेऊ. ती वेळ आली की तिच्याकडे न पाहता पडद्याच्या दांडीकडे पाहायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

शुक्रवारी सहाला तालीम सुरू झाली. सव्वासहाला बायकोची मान कलली. साडेसहाला एकशे सतरा नंबर आला.

“एकशे सतरा नंबरच्या या तरुण जिवाला मी भेटलेलो नाही,” प्राध्यापक पडद्याच्या दांडीला म्हणाले. “पण याचे आकडे मला झोपू देत नाहीत. याच्याशी लहान मुलासारखं बोललं जातं, म्हणतो. पाच. घरात याच्या वतीनं दुसरेच निर्णय घेतात. पाच. एकविसावं वर्ष. पंख फुटायचं वय. आणि याचे जवळचे चार मित्र एका वर्षात याला सोडून गेले.” त्यांचा आवाज चिरकला. तो खराच चिरकला होता. “कुठे गेले असतील हे चौघं? कोणी दुसऱ्या शहरात, कोणी परदेशात, कोणी नव्या मित्रांच्या...”

“दोघं हृदयविकारानं,” मागून आवाज आला. “तिसऱ्याला न्यूमोनिया झाला. चौथा आहे, पण मुलाकडे राहायला गेलाय. तिथे फोन लागत नाही.”

प्राध्यापकांनी दांडीवरून नजर काढली. नाना पेपरची घडी घालत होते.

“दुरुस्ती आहे छोट्या. एकशे सतरा नंबरचं वय एकवीस नाही.”

“नाना, तुम्ही मध्ये...” प्राध्यापक थांबले. “तुम्हाला काय माहीत?”

“माझेच आकडे आहेत ते. मंगळवारपासून मी तुला त्या फॉर्मातली चूक सांगायला येतोय. तुझ्या फॉर्मात चोविसावा प्रश्न आणि एकतिसावा प्रश्न एकच आहे, फक्त शब्द फिरवलेत. लिहून ठेवलंय मी कागदावर.”

 बायको जागी झाली होती.

“पण तुम्ही का भरलात?” प्राध्यापकांनी विचारलं.

“तूच म्हणालास की. दोन महिन्यांपूर्वी, जिन्यात. हातात मोबाइल दिलास आणि म्हणालास, नाना, हे नीट चालतंय का तेवढं तपासा, तुम्हाला वेळच वेळ आहे. मी तपासलं. एकोणचाळीस मिनिटं लागली.”

“तपासायचं म्हणजे नुसतं बटणं दाबून बघायची होती,” प्राध्यापक म्हणाले. “काहीही भरायचं. बाकीच्या अकरा जणांनी काहीही भरलं.”

नानांनी चष्मा काढला. छत्तीस वर्षांत त्यांनी अनेक दुकानदारांकडे ज्या नजरेनं पाहिलं असेल त्या नजरेनं त्यांनी मुलाकडे पाहिलं.

“काटा तपासायचा तर त्यात वजन ठेवावं लागतं. आणि ते खरं असावं लागतं. काहीही ठेवून काटा तपासणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात घरी पाठवत. माझ्याजवळ खरं जे होतं ते मी ठेवलं.”

“आणि वय?” चिंगीनं विचारलं. तिला आता रंग चढला होता. “आजोबा, वय एकवीस?”

“त्र्याऐंशी भरलं होतं. लाल अक्षरात ‘योग्य वय भरा’ असं आलं. तीनदा भरलं, तीनदा आलं. मग मी अठरा आणि पंचवीसच्या मधोमध एक धरलं. तुझ्या बापाच्या यंत्राला योग्य वाटेल असं.”

“आणि शेवटच्या चौकोनात ‘चाचणी’ का नाही लिहिलंत?” प्राध्यापक बुडत्या माणसासारखे विचारत राहिले.

“मला कोणी सांगितलं नाही. मनात आणखी काही असल्यास लिहा, असं होतं. मनात फ्रिज होता.”

चिंगी उठली. “म्हणजे बाबा, चार दिवस तू माझ्या दाराशी जे घुटमळत होतास ते मी एकटी आहे म्हणून? माझी झोप, माझी भाजी...” ती मध्येच थांबली. “माझा कटर.”

प्राध्यापकांनी खिशातून रुमालाचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. खिसा खरंच उसवला होता. चिंगी काहीतरी लागट बोलणार होती, तेवढ्यात तिनं बापाचा चेहरा पाहिला आणि ते वाक्य तिनं पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं.

“मला वाटलं...” प्राध्यापक म्हणाले.

“कळलं मला काय वाटलं ते,” चिंगी म्हणाली. “मी ठीक आहे रे. आणि नसले तर तुला सांगेन. फक्त माझं वाक्य मला परत देऊ नकोस.”

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतून मान वळवली. “मग घरात एकटं कोण आहे?” त्यांनी विचारलं. आणि या खेपेला त्या उत्तरासाठी थांबल्या.

 प्राध्यापक स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर तक्ता होता, त्यांच्या देखण्या अक्षरातला. वर तीन रकाने होते: मी, ही, चिंगी. चौथा रकाना नव्हता. मार्चपासून रोज त्यांनी त्या तक्त्यावर खूण केली होती आणि चौथा रकाना नाही हे त्यांना दिसलं नव्हतं. नाना घरातच असतात, त्यांच्याशी वेगळं बोलायचं काय, असं त्यांच्या मनात असावं. किंवा काहीच नसावं. त्यांनी पेन घेतलं आणि उजव्या बाजूला एक उभी रेघ मारली.

“वाकडी आहे,” मागून नाना म्हणाले. ते आपली पोलादी पट्टी घेऊनच आले होते. त्यांनी ती तक्त्यावर धरली. “मार आता.”

प्राध्यापकांनी पट्टीच्या कडेनं रेघ मारली.

“एकशे सतराला यादीतून काढशील?” नानांनी विचारलं.

“काढावंच लागेल नाना. तुम्ही वयात बसत नाही.”

“काढ. चुकीचं वजन ठेवता कामा नये.” नाना पट्टी पुसत होते. “दोन महिने का होईना, तरुणांत मोजलो गेलो.”

“नाना, तुम्ही मला सांगायचं होतं हे सगळं.”

“किती वेळा आलो? एकदा औषध घ्यायला सांगितलंस. एकदा केळं दिलंस.”

प्राध्यापकांनी खिन्नपणे मान हलवली. मग वीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर ते म्हणाले, “आता आपण रोज पंधरा मिनिटं ठरवून...”

“खूण नको,” नाना म्हणाले. “किल्ली दे.”

नानांची एक जुनी स्कूटर होती. गेल्या वर्षी त्यांनी ती फाटकाला घासली, तेव्हा प्राध्यापकांनी किल्ली काढून घेतली आणि आपल्या टेबलाच्या खणात, ‘इतर’ असं लिहिलेल्या डबीत ठेवली. नानांना त्यांनी कारणही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की आता तुम्ही आराम करायचा.

त्यावर घरात रीतसर वाटाघाटी झाल्या. प्राध्यापक नाही म्हणाले. चिंगी हो म्हणाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला: फक्त सकाळी, फक्त गल्लीत, फाटकापासून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत, डोक्यावर हेल्मेट, पुढे चिंगी पायी चालेल आणि स्कूटरनं तिला ओलांडायचं नाही. “आणि मागे कोणीतरी बसेल,” त्या म्हणाल्या. सगळ्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं.

*

शनिवारी सव्वानऊला वरात निघाली. पुढे चिंगी, हातात पुठ्ठ्याचं वाचनालय, छप्पर नीट बसलेलं. मागे स्कूटर. स्कूटरवर नाना, पाठ ताठ, अंगात इस्त्रीचा शर्ट. आणि त्यांच्या मागे, दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट मुठीत धरून, मांडीवर व्याख्यानाची फाइल सांभाळत मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे पाय सवयीनं जमिनीला लागू पाहत होते. उजव्या बाजूनं एक बाई पिशव्या घेऊन पायी आली आणि पुढे निघून गेली. एका कुत्र्यानं थोडा वेळ सोबत केली आणि कंटाळून सोडून दिली.

फाइलमधली मधली सहा पानं प्राध्यापकांनी रात्रीच काढली होती. चारशे बारातून एक वजा जाऊन चारशे अकरा उरले होते. त्यांचे आकडे बरे होते, पण रडू येण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

“मग आज तिथे बोलणार काय?” नानांनी हँडल न हलवता विचारलं.

“माहीत नाही.”

“झालं ते सांग.”

“लोक हसतील.”

“हसू देत. फुकट आहे.”

रस्त्यात मध्येच एक उंचवटा होता. नाना तो नजरेनं जोखत होते तेव्हा स्कूटर डावीकडे कलली, मग उजवीकडे, आणि सरळ झाली. प्राध्यापकांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

“भीती वाटते का?” नाना म्हणाले. “एक ते पाच.”

“दोन,” प्राध्यापक म्हणाले.

नानांनी ब्रेक दाबला. स्कूटर रस्त्याच्या मधोमध थांबली. चिंगी पुढे चालत राहिली.

“काटा तपासतोय मी, छोट्या. खरं वजन ठेव.”

प्राध्यापकांनी बापाच्या पाठीकडे पाहिलं. कॉलरची एक बाजू आत दुमडलेली होती. मूठ न सोडता त्यांनी एका बोटानं ती सरळ केली.

“पाच,” ते म्हणाले. “वर्षभर तुम्ही पडाल म्हणून. चार दिवस चिंगीपायी. आता व्याख्यान आहे म्हणून. आणि हा उंचवटा वेगळा.”

“काटा बरोबर आहे,” नाना म्हणाले, आणि चिंगी फार पुढे गेली होती म्हणून त्यांनी किंचित वेग वाढवला.